लाल पेन्सिलीचे आकडे

वाडी, नागपूर
५ जानेवारी १९८९

प्रिय रत्नाकर,

पत्राची सुरुवात ‘प्रिय’नं करायची असं शाळेत शिकवलं, म्हणून लिहिलं. त्यात दुसरं काही शोधत बसू नकोस.

जर्मनीहून पुण्याला आल्यावर तू पाठवलेलं पत्र मिळालं. अकरा वर्षांनी आलेलं पत्र म्हणून मी ते ऑफिसातून घरी नेऊन सावकाश उघडलं. दोन पानं भरून तुझ्या मशीनचं कौतुक, आणि शेवटी दीड ओळ. ‘देवराव कसे आहेत? त्यांची ती वही अजून आहे का?’ मी कशी आहे हे विचारायला जागा उरली नसेल. जर्मनीत कागद महाग असावा.

तर तू मोटारीत बसवायचं यंत्र करतो आहेस. आकाशातल्या उपग्रहांकडून सिग्नल घेऊन ते गाडी कुठे आहे हे सांगतं. आणि गाडी बोगद्यात शिरली की त्याची वाचा बसते! वाचून मला आधी हसूच आलं. अरे, बोगद्यात एकच रस्ता असतो. तिथे मेंढरूसुद्धा चुकत नाही. तुमच्या त्या शहाण्या डब्याला नेमकं तिथेच फेफरं यावं? पुढे तू लिहिलंस की अडचण बोगद्याच्या आत नाही, बाहेर पडल्या पडल्या आहे. तोंडाशीच रस्त्याला दोन फाटे फुटतात, सिग्नल परत यायला अर्धं-एक मिनिट लागतं, आणि तोवर गाडी भलत्या फाट्याला लागलेली असते. म्हणून आतल्या आत चाकाचे फेरे मोजून अंतर काढायची युक्ती तुम्ही केलीत. ती कधी बरोबर येते, कधी अडीच किलोमीटरच्या बोगद्यात चाळीस मीटरनं चुकते. तू एकटा गाडीत असलास की बरोबर, आणि मागे तीन साहेब आणि डिकीत सामान असलं की चूक. साहेबांसमोर तुझी फजिती झाली, सहा महिने सगळे डोकं धरून बसला आहात, आणि मार्चपर्यंत उत्तर मिळालं नाही तर तुझं काम दुसऱ्याला देणार आहेत.

रत्नाकर, हे स्वतःच्या हातानं लिहूनही तुला उत्तर दिसलं नाही? मला तिथल्या तिथे दिसलं. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या पावत्या, बिल्ट्या लिहिणारी कारकून आहे. तुझ्या मोठ्या पदवीला माझा नमस्कार.

बाबांविषयी विचारलंस म्हणून सांगते. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले, त्याला पाच वर्षं झाली. पण अजूनही अमरावती रोडवरून ट्रक गेला की गाडी भरली आहे की रिकामी हे ते ओसरीवरून सांगतात. वही आहे. त्यांच्याच ट्रंकेत, आईनं शिवलेल्या खोळीत आहे. आणि तू एकवीस तारखेला धरमपेठेत भाषण द्यायला येतो आहेस हेही त्यांना कळलं आहे. पेपरात आलं होतं. तेव्हापासून त्यांनी घर डोक्यावर घेतलं आहे. पांढरा सदरा भट्टीला दिला, चपलेला नवा अंगठा लावून घेतला, आणि रोज मला बजावतात, पहिल्या रांगेत बसव वं. मला त्यांना तिथे न्यायचं नाही. का, ते शेवटी लिहीन. आधी तुझं उत्तर.

सत्त्याहत्तरचा जानेवारी आठव. तू आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतास, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. भाड्यापुरता भाडेकरू, बाकी जेवण आमच्याकडे, भांडण माझ्याशी आणि गप्पा बाबांशी. संत्र्याच्या पेट्या घेऊन बाबा जबलपूरला निघाले आणि तू हट्टानं सोबत गेलास. सकाळचे सात वाजून गेले तरी शिवनीच्या पुढे असं धुकं होतं की बॉनेट दिसत नव्हतं. बाकीच्या गाड्या कडेला उभ्या. बाबांनी तुझ्या हातात वही दिली आणि मीटरचे आकडे मोठ्यानं वाचायला सांगितलं. वहीत प्रत्येक वळणापुढे, प्रत्येक फाट्यापुढे वाडीच्या नाक्यापासूनचं अंतर लिहिलेलं. तू आकडा वाचलास, बाबांनी स्टिअरिंग फिरवलं, आणि मोडक्या पुलाला टाळणारा कच्चा फाटा बरोबर चाकाखाली आला. घरी येऊन तू हे मला तीनदा सांगितलंस. डोळे मिटून गाडी चालवणारा माणूस पाहिला म्हणालास. तुझ्या सगळ्या मशीनचा जन्म त्या सकाळी झाला. हे तुला ठाऊक आहे आणि मलाही.

त्यानंतर आठ दिवस तू आमच्या ओसरीवर बसून ती वही उतरवून घेतलीस. बाबा कौतुकानं बघत होते, आई चहा करून देत होती. पण पानावर आकड्यांच्या दोन रांगा होत्या. एक काळ्या शाईची, एक लाल पेन्सिलीची. वाडीच्या नाक्यापासून अमरावतीच्या नाक्यापर्यंत काळा आकडा एकशे सत्तेचाळीस, लाल एकशे पंचेचाळीस. पानोपान असंच. तू फक्त काळे आकडे घेतलेस आणि लाल सोडून दिलेस. मी विचारलं तर हसलास. म्हणालास, तुझ्या बाबांना मोजता येत नाही, तोच रस्ता दोनदा मोजतात आणि दोनदा वेगळा येतो. तुझं ते हसणं मी विसरले नाही. बाबा दोन हातांवर होते. त्यांनी ते ऐकलं.

आणि जबलपूरहून परतताना काय झालं होतं, तेही तूच सांगितलं होतंस. गाडी रिकामी होती. तू काळा आकडा धरून बसलास आणि बाबा त्याच्या आधीच वळले. तू ओरडलास, अजून दीड किलोमीटर आहे! बाबा वळले तिथेच फाटा होता. तू म्हणालास, सवयीनं वळले असतील. इंजिनिअरला स्वतःचं चुकलं असं कधी वाटत नाही, ड्रायव्हरला सवय असते एवढंच वाटतं. तुझ्या घरच्यांनाही तसंच वाटलं असावं. ड्रायव्हरच्या घरचं जेवण चालतं, मुलगी सून म्हणून चालत नाही. पण ते त्यांनी येऊन सांगितलं असतं तर मी निदान भांडले असते. तू काहीच न सांगता गेलास आणि पहिल्या दिवाळीला छापील कार्ड पाठवलंस, खाली नुसती सही.

असो. आता उत्तर घे. तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. तो फजितीचा भाग जरा रंगवूनच वाचला, त्यांना मजा येईल म्हणून. ते हसले नाहीत. लगेच म्हणाले, त्यानं लाल आकडे नाही घेतले काय वं? आणि मग मला लिहून घ्यायला लावलं. त्यांचेच शब्द देते: ‘भरली गाडी दबते. टायर दबला की चाक लहान होते. मंग तेवढ्याच रस्त्याले जास्त चक्कर घेते, अन् मीटर जास्त दाखवते. रिकाम्या गाडीचं उलटं. टायर घासला तरी चाक लहानच होते. काळे आकडे भरल्या गाडीचे, लाल रिकाम्या गाडीचे. आपली गाडी कशी हाय ते पाहून आकडा धराचा.’ झालं. तुझ्या तीन साहेबांच्या वजनानं चाक दबतं, बाळा! तुझं मशीन चाकाला विचारतं पण चाकावर कोण बसलं आहे हे विचारत नाही. गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वेळा मोजून घ्या, टायर बदलला की पुन्हा मोजा. सहा महिने जर्मनीतली एवढी डोकी बसली होती म्हणतोस. काय करत होती?

माझा विचार होता की तुला उत्तर देऊच नये. मार्च उलटू द्यावा आणि मजा बघावी. बाबा म्हणाले, पोराचं काम अडून राहिलं, तू काहून अडवतं? आज लिही, आजच टाक. म्हणून लिहिलं. हे उत्तर बाबांनी दिलं आहे, मी नाही. मी दिलं नसतं.

आता माझं काम. दोन वर्षांपूर्वी इथल्या पेपरात तुझा फोटो आणि मुलाखत आली होती. रस्ता सांगणारं यंत्र करणारा नागपूरचा तरुण. कल्पना कशी सुचली असं त्यांनी विचारलं, आणि तू सांगितलंस की लहानपणी रस्त्यावरचे ट्रक बघता बघता सुचली. बाबांनी ते कात्रण मला वाचायला दिलं. मी शेवटपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर ते हळूच म्हणाले, अन् माह्यं नाव? रत्नाकर, मला नाही म्हणवलं नाही. मी म्हटलं, आहे ना, शेवटी आहे, राहिलंच वाचायचं. आणि कागदावर नसलेलं एक वाक्य वाचून दाखवलं. तेव्हापासून घरी कोणीही आलं की ट्रंकेतून कात्रण निघतं आणि मला ते वाक्य म्हणावं लागतं. शेजारच्या किराणावाल्या ताराचंदनं एकदा माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. तिथे काही नाही हे त्याला दिसलं, आणि तो भला माणूस म्हणाला, वा देवरावजी! तुझ्यापेक्षा तो बरा. एकवीस तारखेला बाबा ते वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला येणार आहेत. मी नाही म्हटलं तरी येतील, रिक्षा सांगून ठेवली आहे त्यांनी. त्यांना तू दिसणार नाहीस, पण कान अजून तसेच आहेत. म्हणून हे पत्र. मला तुझ्याकडून काही नको, माफी नको, भेटही नको. फक्त खालचं वाक्य पाठ कर आणि भाषणात म्हण: ‘ही कल्पना मला वाडीचे ट्रकचालक देवराव बोरकुटे यांच्या वहीवरून सुचली, ते माझे पहिले गुरू.’ स्वतःची हुशारी चालवून त्यात एक शब्दही इकडचा तिकडे करू नकोस. बाबांना ते तोंडपाठ आहे.

‘तुझीच’ लिहायची सवय मोडलेली,
प्रेमिला देवराव बोरकुटे