मंद्रूपच्या माळावरची बाभूळ आणि तिच्याखालचा दगड

मी, मथुराबाई महिपती म्हेत्रे, वय ७१, शिक्षण जुनी मॅट्रिक, काम घरकाम, राहणार मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर, कुणाच्याही दबावाशिवाय, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. डोके ठिकाणावर आहे. एकाच गोष्टीबाबत गोंधळ आहे, तो कलम ४ मध्ये येईल. तेवढ्यावरून कुणी मला वेडी ठरवू नये.

१. राहते घर मुलगा इंद्रजीत यास. देवघरात दिवा तेलाचाच लावावा, विजेचा नको. वात बारीक ठेवली की तेल पुरते.

२. माझ्या पाटल्या व पोस्टातील ठेव मुलगी उत्कर्षा हिला. लग्नात पाटल्या द्यायच्या राहिल्या. तिने कधी बोलून दाखवले नाही, त्याचेच जास्त लागले.

३. पहार, कुदळ व कुऱ्हाड इंद्रजीतकडे. कोयता मात्र शेजारीण गुरम्मा हिला. का, ते पुढे कळेल.

४. चार एकर माळ दोन्ही मुलांना समाईक. नांगरायचा नाही, प्लॉट पाडायचे नाहीत, कारण ती गवताची जमीन आहे. आमचे हे होते तेव्हा मारवेल, पवन्या असले चाऱ्याचे गवत गुडघाभर उभे असायचे, आणि मेंढपाळ धुळा दर साली कळप घेऊन यायचा. मग वेडी बाभूळ आली. खरे लिहिते, मला आनंद झाला. फुकटचे सरपण. पण गुरम्मा रोज एक भारा तोडून न्यायची. बोलले तर म्हणे, "आक्का, आपोआप उगवलेलं झाड हाय. तुमचं नाव कुटं लिवलंय त्याच्यावर?"

म्हणून १९९४ साली एका सकाळी मी ओढ्यातला गोल दगड आणून सगळ्यांत मोठ्या बाभळीखाली ठेवला, शेंदूर फासला, दोन फुले वाहिली. गुरम्माचा कोयता थांबला. पंधरा दिवसांनी तीच नारळ घेऊन आली. मीही हात जोडले.

पुढे इंद्रजीत सातवीत विषमज्वराने पडला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, आणि मी त्या दगडाला नवसही बोलले. पोरगा उठला. कशाने उठला, ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून दर अमावास्येला मी तिथे दिवा लावते. कुणाला लावते, हेही ठाऊक नाही.

इकडे बाभूळ वाढली. वरून तोडली की एकीला पाच फुटवे. शेंगा मेंढ्या खातात, लेंड्यांतून बी माळभर जाते. आता तीन एकर काटा आहे, गवत एकच एकर. गेल्या साली धुळाची मेंढी काट्याने लंगडी झाली. इंद्रजीत दर वर्षी माणसे लावतो. ती सगळे खणून काढतात, पण देवाच्या झाडाला हात लावत नाहीत. त्या एका झाडाच्या बियांवर पुन्हा सगळा माळ भरतो.

चराईचा हक्क मी धुळा यास लिहीत आहे, शेंगांचे दोन महिने सोडून. म्हणून इथपर्यंतचा मजकूर काल त्याला वाचून दाखवला. वाटले, चिडेल.

"आक्का, मला ठावं हाय की. शेंदूर ओला हुता तवाच मी बघितलं. तुमच्या बोटालाबी लागला हुता."

"मग इतकी वर्षं पाया का पडलास?"

"तुमी पडत हुता म्हणून. शिकलेली बाई पडतीया, म्हंजी आसंल कायतरी."

"अरे, मी पडत होते ते तू आणि गुरम्मा पडता म्हणून!"

तो लई हसला. मग म्हणाला, "पर आता काढायची छाती माजी न्हाय. बसवला तुमी, उचला बी तुमीच."

तेव्हा हे कलम माझ्या मरणापर्यंत थांबवत नाही. येत्या अमावास्येला दगड मी स्वतः उचलून बांधावरच्या कडुलिंबाखाली नेईन. गुरम्माला बोलावून सगळे खरे सांगेन आणि कोयता त्याच दिवशी तिच्या हातात देईन. त्या बाभळीवर पहिला घाव तिने घालावा. शेंगा पिकायच्या आत, बुंध्याखाली हातभर खणून, मूळ काढावे. त्याआधी मी गेले, तर माझ्या नावाने क्षमा मागून दगड इंद्रजीतने उचलावा.

तो देव असेल तर लिंबाची सावली बाभळीपेक्षा बरी. दगड असेल तर बांधाला लागेल. नारळ मात्र फोडावा. एकच पुरे.

ठिकाण : मंद्रूप, जि. सोलापूर
दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

सही : मथुराबाई महिपती म्हेत्रे

आमच्यासमोर वाचून सही केली :
१. ईश्वरप्पा बिराजदार, सही
२. सुंदरम्मा बिराजदार, डाव्या हाताचा अंगठा (अमावास्येला मीही येणार, असे त्यांनी लिहायला सांगितले.)