गजावरची खूण

प्रिय आबा,

उद्या खंडेनवमी. तुमचं वर्ष झालेलं नाही, म्हणून घरात गोडधोड करायचं नाही, पण हत्यारांची पूजा चुकवायची नाही असं आई म्हणते. दादा पलटणीतून रजेवर आलाय आणि सोप्यात बसून तुमची ठासणीची बंदूक पुसतोय. मी आतल्या खोलीत बसून तुम्हाला लिहितेय, कारण दादाला जे सांगायला हवं ते तोंडातून निघत नाहीये.

उद्या पूजा झाली की तो बंदुकीचा एक बार काढणार आहे. दरवर्षी तुम्ही काढायचात तसा. मग परवाना तुमच्या नावाचा म्हणून बंदूक शिराळ्याला ठाण्यात जमा करायची. "आबांनी भरल्याली हाय, आबांच्याच नावानं वाजवतो," म्हणाला. ती शेवटची तुम्ही भरली नव्हती, आबा. मी भरली होती.

आठवतो ना तो दिवस? भुईमूग टोकून झाला होता आणि रानडुकरं सरीनं सरी उकरत होती. तुमचे हात कापायचे, डोळ्यांना मोतीबिंदू. दारू तुम्ही मापानं घातलीत, चिंधीत गुंडाळून गोळी नळीच्या तोंडाशी लावलीत आणि ठासायचा लोखंडी गज माझ्या हातात दिलात. ठास म्हणालात. मला मलकापूरला परत जायचं होतं, एसटीची वेळ झाली होती.

तुमचं सगळं दरवेळी एकसारखं असायचं. तेच माप, तसलीच चिंधी, गजावर कानशीनं कोरलेली तीच खूण. खूण नळीच्या तोंडाशी आली म्हणजे गोळी दारूवर टेकली. दादा तुमची चेष्टा करायचा, आमची काडतुसं कारखान्यातनं एकसारखी येतात म्हणायचा. तुम्ही म्हणायचात, "माझा कारखाना ह्यो हातच हाय. गोळी आन दारूच्या मधी जागा ऱ्हायली की नळी फुटती." पलीकडच्या वाडीतल्या त्या माणसाचा उजवा हात आम्ही लहानपणी पाहिला होता. अंगठा आणि एकच बोट. मी त्याच्या समोरून जायचं टाळायचे.

आणि तुम्ही मलाच ठासायला लावलंत! खाली दारू आहे हे माहीत असून वरून दणके द्यायचे? दोन दिले. गज अडला. खूण नळीच्या तोंडापासून दोन बोटं वर होती. तिसरा दणका द्यायला माझा हात उचलेना.

"बसली का खुनंला?" तुम्ही विचारलंत. मी व्हय म्हणाले. तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा व्हय म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात उभी होते, आणि थोडी चिडलेही.

आठ दिवसांनी तुम्ही गेलात. बंदूक खुंटीला तशीच राहिली. चार महिने मी येते, तिच्याकडे न बघता खालून जाते. आईला तिथं झोपू देत नाही, कारण विचारलं तर डास आहेत सांगते. आता दादा चाप ओढणार आणि त्याचा गाल त्या नळीच्या शेजारीच असणार. त्याची लेक तीन वर्षांची आहे, आबा. असं असूनही माझी जीभ उचलत नाही. किती भित्री आहे मी?

इथं पत्र ठेवून उठले होते. सांगितलं. सगळं, तुमच्याशी खोटं बोलले तेसुद्धा.

दादा रागावला नाही. बंदूक घेऊन अंगणात गेला, नळी आभाळाकडं धरली, तोंड बाजूला केलं आणि गज हळू आत सोडला. मला बघवेना. मग त्यानं हाक मारली. खूण नळीच्या तोंडाशी होती, बरोब्बर. केसभर वर नाही, केसभर खाली नाही.

मी म्हणाले, हे शक्य नाही. तेव्हा दारातून आई बोलली.

"तू एसटीला गेलीस आन त्यांनी बोटानं गजावरची खून चाचपली. मला लांब उभं केलं आन आपल्याच हातानं ठासली. पोरगी भ्याली हुती, तिला काय बोलू नगं, म्हनाले."

म्हणजे तुम्हाला डोळ्यांची गरजच नव्हती. विचारत होतात ते मी खरं सांगावं म्हणून. त्यानंतर आठ दिवस रोज फोनवर जेवलीस का विचारलंत, आणि याबद्दल एक शब्द नाही! का हो आबा? एकदा रागावला असतात तर मी रडून मोकळी झाले असते.

चार महिने मी पुढच्या बाराला भीत होते. आता मागचं डोळ्यांसमोर येतं. कापरे हात, नळीवर वाकलेलं तुमचं तोंड, आणि मी सोडलेली ती दोन बोटांची जागा.

खूण बरोबर असली तरी चार महिन्यांची भरलेली बंदूक, म्हणून दादा उद्या बार काढणार नाही. पूजा करू, मग जाणकाराकडून रिकामी करून घेऊ आणि जमा करू. माझा शब्द एवढाच. यापुढे भीती वाटली की भीती वाटते असंच सांगेन, आबा, पहिल्याच वेळी.

तुम्ही सांभाळून घेतलेली,
सुमी