पिवळ्या गाडीच्या चाकातली हवा

राळेगाव,
८ फेब्रुवारी २०२६

चि. ऋतिक,

तुले आईचे खूप आशीर्वाद. मी बरी आहे. तूर निघाली, कापसाचं शेवटचं वेचणं चालू आहे. जर्मनीत बर्फ पडून राह्यला म्हणे, कानाले बांधत जाय. फोनवर तू माह्या मंधातच बोलतं, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यली.

पहिले गाडीची खुशखबर. तुह्या पिवळ्या स्पोर्ट्स कारले मी टायरच्या हवेचे सेन्सर बसवून घेतले. यवतमाळले हिरासिंगचं टायरचं दुकान आहे, त्याच्याइथं. त्यानं चारही टायर रिमवरून उतरवले, आत व्हॉल्व्हपाशी एकेक सेन्सर लावला, चाकं बॅलन्स केली. मंग कोणतं चाक कुठलं, हे गाडीतल्या स्क्रीनच्या पडद्याले शिकवलं. तो एकेका चाकाची जराशी हवा सोडे अन् मी आत बसून सांगे, "हं, डावं पुढचं आलं." आता स्टेअरिंगच्या बाजूले छोटासा पडदा आहे. चार चाकं, चार आकडे. मी सकाळी चहाचा कप घेऊन गाडीत नुसती पाहत बसते.

तू म्हणशील, उभ्या गाडीले सेन्सर कायले? तर हे टायर इतके पातळ की हवा कमी झाली तरी डोळ्याले दिसत नाही. अन् गाडीत स्टेपनीही नाही. दसऱ्याले कळंबच्या रस्त्यावर गाडी अशी डावीकडे ओढे, की माहे हात भरून आले.

आता लिहूनच गेली, तर सांगते. गाडी मी चालवते. तू जाताना म्हटलं होतं, आठवड्यातून एकदा नुसती चालू करजो. चालू केली, मंग फाटकापर्यंत नेली, मंग शाळेच्या मैदानावर. मंग क्लास लावला, लायसन काढलं. तुहे बाबा गेल्यापासून मी इतकी कधी हसली नव्हती.

परवाचं ऐक. शेजारच्या हंसाबाईची दिपाली पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीले यवतमाळले निघालती. सकाळची एसटी आलीच नाही. पोरगी रडकुंडीले आली. मी गाडी काढली, म्हटलं, "बस."

हंसाबाई म्हणे, "कोकिळाबाई, ह्या गाडीत?" तोवर दिपाली बसलीसुद्धा.

कळंबच्या अलीकडे पडदा वाजाले लागला. मागचं उजवं चाक लाल. दिपाली आकडा वाचे, "काकू, सत्तावीस. काकू, आता पंचवीस." उतरून पाहिलं तर खिळा. तो मी काढला नाही, काढला असता तर सारी हवा गेली असती. हिरासिंगनं दिलेला छोटा पंप गाडीलेच जोडला, हवा भरली.

"पुरन का काकू?"

"तू आकडा वाचत राह्य, मी रस्ता पाहते."

मंधात आणखी एकदा भरली. मैदानाचं फाटक लावत होते तवा पोचलो. ती पळत आत गेली. मी गाडीले टेकून उभी राह्यली. दुपारी बाहेर आली, धावण्यात पास. माह्या गळ्यात पडून अशी रडली, की माहा पदर ओला झाला. मंग पंक्चर काढलं, आलूबोंडे खाल्ले अन् गाणे म्हणत घरी आलो.

म्हणून सांगते. नागपूरचा माणूस गाडी विकत घ्यायच्या हिशोबानं पुढच्या महिन्यात पाहाले येणार, असं तू कळवलं. त्याले नाही म्हण. अन् माहं तिकीटही काढू नको. घर विकून मी तिकडे कायमची येत नाही. आई एकटी आहे म्हणून तुहा जीव लागत नाही, हे मले समजते. पण मले आता कुठं इथं जगण्याची मजा येऊन राह्यली. पाहुणी म्हणून येईन, महिनाभर राहीन, तुह्या हातचं खाईन.

रागावला तर फोन कर, सारं ऐकून घेईन. फक्त मन वळवाले पाहू नको.

उन्हाळ्यात ये. विमानतळावर मीच घ्यायले येईन. डिक्की लहान आहे, सामान कमी आण.

तुही आई,
कोकिळा
मुक्काम पोस्ट राळेगाव, कायमचा