पत्र्याखालची तुळई

प्रिय आर्वो,

बागेतला नवा पूल काल बसला बाबा एकदाचा! क्रेनने लोखंडी सांगाडा उचलला आणि ओढ्यावर अलगद ठेवला. जुन्याला आपला अख्खा उन्हाळा गेला होता, आठवतं? गावातले बारा जण, पगार कुणालाच नाही, आणि दुपारी तुझ्या आईने पाठवलेल्या मांस-बटाटा भरलेल्या गरम करंज्या.

नवा दिसायला काही खास नाही, हे आधीच सांगतो. रंग तर उकडलेल्या वाटाण्याचा. पण पावलाखाली हूं की चूं नाही. मी तीनदा ये-जा केली, तिसऱ्यांदा मधोमध उड्यासुद्धा मारल्या. मुकादम ओरडला, "आजोबा, जपून, गुडघे तुमचेच आहेत!" महिनाभर छातीवर बसलेला धोंडा उतरवतोय, हे त्याला काय सांगू?

जुन्या पुलाच्या तुळयांना पत्रा मारायची कल्पना माझीच होती. एवढा बर्फ पडतो, तुळयांची टोकं कुजतील, म्हणून छपराला ठोकतो तसा पत्रा मी त्यांना गच्च गुंडाळला. तू तेव्हाच म्हणालास, "ओनी, लाकडाला वारा लागू दे रे." मी म्हणालो, "तू गप खिळे मोज." सगळे हसले, तूही हसलास. पुढे दर वसंतात मी त्या पत्र्याला रंग देत राहिलो आणि तू गावचे पूल तपासायला लागलास.

मागच्या वर्षी मे महिन्यात तू हातोडीने तुळया ठोकून पाहिल्यास आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना फळ्या मारल्यास. शाळेच्या शेवटच्या वर्गाचा फोटो पुलावरच निघायचा, ही आपली रीत, आणि त्या वर्षी त्या वर्गात माझी नात केल्सी. माझं डोकंच फिरलं. फोटोच्या सकाळी फळ्या मीच उचकटल्या, आर्वो. माझ्या गाडीतली पहार तू पाहिलीस आणि आजवर कुणाला बोलला नाहीस. नुसता हात पसरून पुलाच्या तोंडाशी उभा राहिलास. एकेचाळीस पोरांसमोर मी ओरडलो, "भित्रा कुठला! माझा पूल आहे, तो पडायचा नाही!" तू एवढंच म्हणालास, "मग माझ्या अंगावरून जा." फोटो गवतावर निघाला. त्या शनिवारपासून मी तुला वाफेने अंग शेकायला सौनाला बोलावलं नाही.

गेल्या महिन्यात जुना पूल काढला, तेव्हा त्याची मजबुती सगळ्यांना दाखवायला मी मुद्दाम गेलो होतो. पत्रा सोलला आणि आत लाकूड नव्हतंच रे, ओला भुगा होता. कामगाराचा हात कोपरापर्यंत आत गेला. त्याच पुलावर मी एकेचाळीस पोरं उभी करणार होतो. परवा केल्सी कॉलेजातून आली, माझ्या बशीतला केक पळवून खाल्ला, आणि मी वेड्यासारखा तिच्याकडे बघत राहिलो. ती आहे, आर्वो! एकेचाळीसच्या एकेचाळीस आहेत. महिनाभर हे पत्र मनात लिहितोय, पण ताठा आडवा येत होता. माझं चुकलं. ते मी केल्सीला पहारीसकट सगळं सांगितलंय, आता गावालाही सांगेन. शनिवारी चारला सौनाची चूल पेटवतो. पहिलं पाणी दगडांवर तू ओतायचंस. तुझ्या खुंटीवर वर्षभर मी कुणाला टॉवेल लावू दिलेला नाही.

तुझाच, आडमुठा,
ओनी