आजीच्या बुटातला फवारा

आदरणीय बुरुल एजे,

आयझिरेकचा ताप उतरला, असं डॉक्टर नुरझादाबाईंनी आज स्वतः सांगितलं. आधी हे वाच, मग तुझ्या धाकट्या भावाचा सलाम घे. गुडघे कसे आहेत? गाय व्याली का?

झालं असं, की नारीनमध्ये या नव्या तापाची साथ आली आणि आपली सात वर्षांची नात थेट इस्पितळात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधीपासूनचा काही आजार?" मी तोंड उघडलं, तोच उलकानने, तुझ्या भावजयीने, असा चिमटा काढला की माझा दंड अजून निळा आहे. म्हणाली, "छे! घोडीसारखी उधळते आमची पोर!" पोरीला दमा आहे हे तुला माहीत, मला माहीत. पण त्या खोलीत आणखी तीन आज्या बसलेल्या. त्यांना कळलं की दरीभर बोभाटा होणार, आणि उद्या पोरीला मागणी कोण घालणार, ही उलकानची काळजी. (दम्याचा फवारा तिने बुटात लपवला होता. नर्सची पाठ वळली की शालीआड द्यायची.)

शेजारच्या खोलीतली मुलं बरी होऊन गादीवर उड्या मारू लागली, आमच्या खोलीतली चारही मात्र अजून धापा टाकत होती. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. मी धीर करून उठलो, पण पोरगीनेच बाजी मारली. नाकात प्राणवायूची नळी, तरी बोट आजीच्या पायाकडे. "माझा दम्याचा फवारा तिथे आहे."

"अगं, तुझ्या लग्नासाठीच लपवला गं!"

"आधी श्वास घेऊ दे आजी, लग्नाचं नंतर बघू."

 मग समोरची आजी खाकरली, "आमच्या बेकतुरच्या हृदयाला भोक आहे." दुसरी म्हणाली, "आमचीला साखर." तिसरीने शालीआडून फिटच्या गोळ्या काढल्या.

डॉक्टरीणबाई मटकन बसल्या. "अहो आज्यांनो, ज्यांचं आधीच काही दुखतंय, त्यांनाच हा ताप जास्त छळतो. मला काय डोळे बांधून खेळवत होतात?" मग चौघांचीही औषधं बदलली. उलकान पोरीचे पाय कुरवाळत रडली. (मीही. कोणाला सांगू नकोस.)

तुझा शारशेन

ता. क. तुझ्या नातवाला, तिलेकला, 'थंडी सोसत नाही' म्हणतेस ना? त्याच्या छातीत शीळ वाजते, मी ऐकली आहे. साथ तिकडे पोचण्याआधी त्याला डॉक्टरांकडे ने आणि सगळं मोठ्याने सांग. पत्र खरं तर यासाठीच.

ता. क. २. उद्या नळी काढतील, परवा घरी सोडतील. वाटेत बेकतुरच्या आजीकडे चहा आहे. उलकान म्हणते, त्या घरात निदान काही लपवायला नको.