बाबांची तिरकी रेघ

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय दादास,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला उतरलाय, कुरकुर तेवढी शिल्लक आहे. तू आणि वहिनी वेळेवर जेवत असाल असं धरून चालते.

आधी आजची बातमी. तुझ्या ऑफिसातल्या लिफ्टची तक्रारवही माझ्याकडेच आहे, याची खात्री लिफ्ट पडल्याच्या चौकशीवरच्या अधिकारी बाईंनी सकाळी स्वतः फोन करून केली.

"साहेब म्हणाले, बाइंडिंगला दिलीय. तुमच्याकडेच ना?"

मी हो म्हटलं.

"मग आता तिला हात लावू नका. सोमवारी दहा वाजता तुम्हीच घेऊन या. बांधणी तुमच्या दुकानाची आहे, तर पानं पूर्ण आहेत की नाहीत तेही तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "साहेब माझे थोरले भाऊ आहेत."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वहीवर दुकानाचा शिक्का आहे, त्यातलं आडनाव आणि साहेबांचं आडनाव एकच आहे." आणि फोन ठेवला.

असो. तू पाठवलेल्या, पाण्यावर रंग तरंगवून नक्षी उठवायच्या किटबद्दल लिहायचं राहूनच गेलं. खोक्यावर छापलंय, 'पहिल्याच दिवशी सुंदर नक्षी'. साफ खोटं. आत एक ट्रे, पाच रंगांच्या बाटल्या, तुरटीची पुडी, पाणी दाट करायची शेवाळाची पूड आणि एक फणी. पूड घोटून रात्रभर ठेवायची होती, मी तासाभरात रंग टाकले. सगळे तळाला जाऊन बसले. आई डोकावून म्हणाली, "भांडी विसळलेलं पाणी जपून कशाला ठेवलंयस गं?"

दुसऱ्या दिवशी रंग तरंगले. थेंब पडला की ताटलीएवढा पसरतो, दुसरा त्याला ढकलून आपली जागा करून घेतो. फणी फिरवली की लाटा होतात. मग कागद एका कोपऱ्याकडून हळूच टेकवायचा. पहिला कागद उचलला तेव्हा मी ओरडलेच. नळाखाली धरला आणि सगळी नक्षी मोरीत वाहून गेली, कारण कागदाला आधी तुरटी लावायला विसरले होते. तिसऱ्याच्या पोटात हवा राहिली, मधोमध टक्कल पडलं. कापड सोपं निघालं. तुरटीच्या पाण्यात बुडवून, वाळवून, इस्त्री करून घेतलं की ते रंग सोडत नाही. सहा रुमाल केले आणि आईच्या उशीचा एक अभ्रा. तो बघून म्हणाली, "यावर डोकं ठेवलं तर मला बोट लागेल."

दादा, तीन दिवस मी फार खूश होते. बाबांनी मला शिवण शिकवली, पुठ्ठा शिकवला, पण वह्यांच्या कडांवर उठवायचा हा रंग नाही. ते काम ते दार लावून करायचे. वाऱ्याने धूळ येते म्हणायचे. आठवतं ना, तू घोडा व्हायचास आणि मी तुझ्या पाठीवर उभी राहून झरोक्यातून बघायचे. तू खालून विचारायचास, "शेपूट, काय करतायत?" मी म्हणायचे, "रंग." तुझी पाठ दुखायला लागली की उतरायचे. इतक्या वर्षांनी तुला माझी हौस आठवली, याचंच अप्रूप वाटलं.

चौथ्या दिवशी तुझा ड्रायव्हर वही घेऊन आला. सोबत तुझी चिठ्ठी: 'शिवण ढिली झालीय. कडेचा रंगही उडालाय, जमलं तर घासून नवीन कर. शुक्रवारी न्यायला पाठवतो.'

रंग उडालेला नव्हता. बाबांच्या शेवटच्या वर्षातली वही आहे ती.

परवा लिफ्टमनची बायको दुकानात आली होती. वही टेबलावरच होती, वाळत घातलेल्या रुमालांखाली. आईने तिला चहा दिला, नवऱ्याच्या पायाचं विचारलं.

"सळई घातलीय. चालतील म्हणतात डॉक्टर. पण चालून जायचं कुठे? ऑफिस म्हणतं, ब्रेकची तक्रार लिहिली नाही, लिफ्ट तशीच चालवली, चूक यांचीच. हे म्हणतात, लिफ्ट पडायच्या चार दिवस आधी लिहिलं, खाली साहेबांची सही घेतली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुमचे वडील यांना म्हणाले होते, या वहीतलं पान काढलं तर वहीच सांगते. खरं का ते?"

"बाबा म्हणायचे तसं."

"म्हणायचे, की खरं?"

मी कपबशा उचलल्या. तिने एका रुमालाचं टोक हातात घेतलं, खालची वही मला दिसली. "छान झालाय," म्हणाली. "धुतल्यावर जातं का हे?"

"तुरटी लावली असेल तर नाही जात."

साहेबांची बहीण म्हणून ती माझ्यावर चिडेल असं मला वाटलं होतं. ती चहाबद्दल आईचे आभार मानून गेली.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. काल मी कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा दोन फळ्यांमध्ये आवळून त्याची कड रंगात टेकवली. चार वेळा रंग पानांच्या आत झिरपला. पाचव्यांदा जमलं. निळा, तपकिरी, मधे पांढऱ्या शिरा. बाबांच्या कामाशेजारी ठेवला तर चौकशीच्या बाई काय, मीही चटकन ओळखलं नसतं. म्हणजे तू सांगितलंस ते मला करता येतं. हे कळल्यावर मी वही फळ्यांत आवळली आणि सँडपेपर घेतला. कोपऱ्यावर दोनदा फिरवला. नखाएवढा पांढरा डाग पडला.

मग थांबले आणि भिंग काढलं.

तू घोडा होतास, म्हणून तुला माहीत नाही. रंग वाळला की बाबा सुईने कडेवर एक तिरकी रेघ ओढायचे, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. इतकी बारीक की लाटांत हरवते. पान गेलं की रेघ तिथे उडी मारते. पानांवर आकडे घालायचा ऑफिसला कंटाळा, म्हणून बाबांनी काढलेली ही युक्ती. मी झरोक्यातून पाहिली होती आणि तुला सांगितली नव्हती. का, ते आठवत नाही. एखादी गोष्ट एकटीची असावी, असं वाटलं असेल.

या वहीत रेघ सातव्या जुजाच्या, म्हणजे दुमडून एकत्र शिवलेल्या पानांच्या सातव्या गठ्ठ्याच्या, मधोमध उडी मारते. जुज उघडून पाहिला. मधली दोन जोडपानं नाहीत. दोरा सैल आहे आणि दोऱ्यापाशी निळी शाई लागलेला कागदाचा एक कपटा अडकलाय.

ब्रेकचं तू पुढे का ढकललंस, मला माहीत नाही. मुद्दाम केलं नसशील. तुझी नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल, हेही मला कळतं. वहिनीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. पण पान नसलं तर तो माणूस मोडक्या पायानिशी खोटा ठरतो.

फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून हे पत्र. उद्या ड्रायव्हर येईल, त्याला वही मिळणार नाही. हे खोकं मिळेल. आत उरलेले रंग आहेत, तुरटी संपली. एक रुमाल वहिनीला दे.

पानं तू जाळली नसशील. नापास झालेलं प्रगतिपुस्तकसुद्धा तू जाळलं नव्हतंस, गादीखाली ठेवलं होतंस. रविवारी ती घेऊन ये. मी शिवणार नाही, बाईंनी हात लावू नका म्हटलंय. नुसती जागेवर ठेवली तरी रेघ जुळेल. सोमवारी आपण दोघं जाऊ आणि तू बोल. तुझ्या तोंडून आलेलं वेगळं.

नाही आलास तर मी एकटी जाईन. रेघ तुटते तिथे बोट ठेवीन, आणि कोपऱ्यातला डाग कोणी पाडला तेही सांगेन.

आईला यातलं काही ठाऊक नाही. तू रविवारी येशील एवढंच तिला सांगितलंय. तिने तुझी उशी उन्हात टाकलीय, तो रंगीत अभ्रा घालून. रविवारी मागचं दार मी सकाळपासून उघडं ठेवीन.

वाट पाहणारं,
तुझं शेपूट