लगाम धरणारा हात

सोमवार, ३ तारीख
आल्या आल्या पहिला भेटायला कोण आला, तर घोडा! मी ट्रंकेवर टेकतेय न टेकतेय तोच खिडकीतून हे लांबडं नाक आत. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून सगळे त्याला चांदवा म्हणतात. मागून धापा टाकत त्याची देखभाल करणारा मोतद्दार आला, मग घोड्यांचे मालक, मालकीणबाई. माझी सख्खी नात सगळ्यांत शेवटी, गालाला पिवळा रंग फासून. शर्यती जिंकलेल्या घोड्यांची चित्रं काढायची नोकरी लागलीय तिला. मोठी झाली माझी बाय! सोबतीला मला बोलावलं. मी चौथीसुद्धा धड शिकले नाही, तरी ही वही दिली. म्हणाली, आजी, दिवसभर तोंड चालतं तुझं, जरा हातही चालव. घ्या! शिकवतेय मला.

बुधवार, ५
चित्राची खोली तबेल्याला लागून. चित्र माणसाहून उंच. खुरांपासून सुरू करून वर वर जायचं, डोळे शेवटी, ही मालकांच्या घरची रीत. दिवाणखान्यात अशी अकरा चित्रं आहेत, प्रत्येकात घोडा आणि लगाम धरलेलं एक माणूस. मी विचारलं, हे घोडे आता कुठे असतात? मालकीणबाई म्हणाल्या, हे काय, भिंतीवर. आता कधी हरणारच नाहीत. बोलणं कसं, गुळात घोळलेलं.

शनिवार, ८
चांदव्याचे चारही पाय रंगवून झाले. इकडे खरा चांदवा कालपासून जागचा हलत नाही. डॉक्टरांनी सुई टोचली, पायाला पत्ताच नाही. नात म्हणाली, योगायोग गं. मी म्हटलं, असेल बाई.

मंगळवार, ११
काल कान रंगवले. तेव्हापासून हाक ऐकेना. आज डोळे झाले आणि चांदवा उभ्या उभ्या गेला. मोतद्दार लहान पोरासारखा रडला. मालकांच्या डोळ्यांत टिपूस नाही. म्हणाले, एकटा घोडा बिचकतो, लगामाला हात हवा. मालकीणबाई नातीला म्हणाल्या, तूच उभी राहा की, आरशात बघून काढ.
मला ती अकरा माणसं आठवली.

गुरुवार, १३
नात डावखुरी. तिने स्वतःचा उजवा हात रंगवला. संध्याकाळी त्याच हातावर उकळता चहा सांडला, तिला कळलंच नाही.
बोचकं बांधलं, तिला ओढत फाटकाशी नेलं. कुलूप. मोतद्दार मान खाली घालून म्हणाला, चित्र पुरं झाल्याशिवाय उघडायचं नाही, आजी, हात जोडतो.

शुक्रवार, १४
माझी अक्कल शेण खायला गेली. फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि चित्रातला हात पुसून टाकला. ओट्यावर सांडलेलं पुसावं तसा. वाटलं, पुसला की पोर सुटेल.
तिची बोटं एकमेकांत मिसळलीत. नखं नाहीत. रेषा नाहीत. गुळगुळीत —
डाव्या हाताने चाचपतेय पोर.

रविवार, १६
मालक आले, बघून गेले. म्हणाले, हात परत भर, चेहराही कर.
तिला म्हटलं, माझा काढ. सत्तरी उलटली माझी. ती म्हणाली, मेले तरी नाही.
दुपारी तिचा डोळा लागला. मी चित्राच्या खोलीला आतून कडी घातली. रेघ सरळ येत नाही मला, पण आरसा होता. तिचा पुसलेल्या जागी माझाच हात काढला. आल्याचा गड्डा नुसता! तरी लगामाला लागला. बाहेरून पोर ओरडली, आजी, बोटं सुटली! पाचही! नखंसुद्धा!
माझा उजवा गार पडलाय. हे डाव्याने लिहितेय.

सोमवार, १७
उंच स्टुलावर बसून, वाकून पाय काढले. आता उठणं नाही.
चेहरा रिकामा ठेवला तर मालक तिचाच घेणार. दार बडवतेय ती. रडतेय. उघडायची नाही मी.
मोतद्दाराला खिडकीतून बोलले. चित्र झालं की फाटक उघडतो, पोरीला हाताला धरून बाहेर काढतो — शपथ घेतली त्याने.
तोंड झालं. मग आवाज गेला.
कान केले. आता दार वाजत नाही.
एक डोळा — झाला. ओळी वाकड्या —
दुसराही झाला. सगळा अंधार. मालक येतो म्हणालेत मंगळवारी. सकाळीच. त्याआधी पोर फाटकाबा